डॉक्टरांविरुद्ध तक्रार करण्यापूर्वी: कोणती गोष्ट कुठे न्यायची

डॉक्टर अपमान करून बोलले, फाईल दिली नाही, बिल फुगवले आणि तपासताना नको तिथे हात लावला. या चारही गोष्टी एकाच अर्जात लिहून तो अर्ज पोलीस, महापालिका, वैद्यक परिषद आणि आमदार अशा सगळ्यांना पाठवला जातो. सहा महिन्यांनी कळते की कुठेच काही हलले नाही. कारण साधे आहे. प्रत्येक कार्यालय फक्त आपल्या अधिकारातली ओळ वाचते आणि बाकीच्या तीन ओळींमुळे तीही अंधुक होते. वैद्यक परिषद नुकसानभरपाई देऊ शकत नाही, ग्राहक आयोग डॉक्टरची नोंदणी रद्द करू शकत नाही आणि पोलीस उद्धटपणाबद्दल गुन्हा नोंदवत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात तक्रार करायची असेल तर पहिले काम म्हणजे गोष्टी सुट्या करणे.

ढोबळपणे चार ढीग पडतात: वाईट वागणूक, आचारसंहितेचा भंग, उपचारातील निष्काळजीपणा आणि गुन्हा. प्रत्येक प्रसंग यांपैकी एका ढिगात टाका. एखादा दोन ढिगांत बसला तर दोन वेगळे अर्ज करा. आणि काही गोष्टी कुठल्याच ढिगात बसत नाहीत, हेही मान्य करा. ओपीडीत दोन तास बसावे लागणे, मागितलेले अँटिबायोटिक न देणे, दुसऱ्या डॉक्टरपेक्षा वेगळे निदान करणे किंवा उपचार नीट होऊनही गुण न येणे हे गैरवर्तन नव्हे.

तपासणीच्या खोलीत

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. काही रुग्ण आवश्यक तपासणीलाच गैरप्रकार समजतात. त्याहून कितीतरी जास्त जण खऱ्या गैरप्रकाराला ‘तपासणीच असेल’ म्हणून गप्प बसतात.

पोटात दुखते म्हणून आलेल्या बाईला पाळीची तारीख, गर्भधारणेची शक्यता आणि लैंगिक संबंध याबद्दल विचारणे योग्य आहे. गर्भनलिकेतली गर्भधारणा याच प्रश्नांतून पकडली जाते. हृदयाचे ठोके ऐकताना स्टेथोस्कोप डाव्या स्तनाखाली ठेवावा लागतो. पायाचा रक्तपुरवठा पाहताना जांघेतली नाडी तपासतात. हर्नियासाठी जांघ आणि वृषण, शौचातून रक्त जात असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर गुदद्वार तपासावे लागते. स्तनातील गाठ तपासताना दोन्ही स्तन आणि काखा पाहतात, आणि ते बोटांच्या सपाट भागाने, ठराविक क्रमाने. त्यामुळे शरीराचा कोणता भाग तपासला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तपासणी कशी झाली त्यावरून ठरते.

योग्य तपासणीची लक्षणे अशी. काय करणार आणि का करणार हे आधी सांगितले जाते. पडदा ओढलेला असतो. लागेल तेवढाच भाग उघडा केला जातो आणि झाल्यावर झाकला जातो. आतून तपासताना हातमोजे असतात. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असतील तर सिस्टर, मावशी किंवा घरची बाई खोलीत असते. थांबा म्हटल्यावर हात थांबतो. आणि तपासणीत काय आढळले ते केसपेपरवर लिहिलेले असते. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्तनाची किंवा योनिमार्गाची तपासणी केली आणि कागदावर तिचा उल्लेखच नाही, तर ती कशासाठी केली याचे उत्तर नंतर डॉक्टरला द्यावे लागते. तक्रारीत हा मुद्दा फार वजनदार ठरतो.

धोक्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. सर्दी-खोकल्यासाठी कमरेखालचे कपडे काढायला सांगणे. सोबत असलेल्या बाईला बाहेर काढून दार लावून घेणे. तीच तपासणी कारण न सांगता प्रत्येक वेळी करणे. शरीराच्या ठेवणीवर, रंगावर, ‘लग्न झालेलं वाटत नाही’ अशा धर्तीवर शेरे मारणे. मोबाईल हातात धरून तपासणे.

यात एक अपवाद नीट समजून घ्या. डॉक्टर कधीकधी नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतात, विशेषतः किशोरवयीन मुलांच्या बाबतीत किंवा घरात मारहाण होत असल्याची शंका असेल तेव्हा. रुग्णाला मोकळेपणी बोलता यावे म्हणून हे योग्यच असते. मात्र ते बोलण्यापुरते. तपासणीच्या वेळी स्त्रीने सोबत मागितली तर ती नाकारता येत नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली आलेल्या रुग्ण हक्क सनदेत हा हक्क आहे, आणि ही सनद रुग्णालयात लावलेली असायला हवी.

त्या क्षणी लांबलचक वाद घालू नका. छोटी वाक्ये उपयोगी पडतात: “डॉक्टर, ही तपासणी कशासाठी आहे ते आधी सांगा.” “सिस्टरना आत बोलवा, मग तपासा.” “आज ही तपासणी नको, केसपेपरवर तसं लिहा.” शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण नकार देणे हा तुमचा अधिकार आहे आणि तो कागदावर आला की दोघेही सुरक्षित राहतात. अस्वस्थ वाटले तर उठून कपडे सावरा आणि बाहेर या. फी, पावती, पुढची तारीख हे सगळे नंतर बघता येते.

घडले ते गुन्हा असेल तर

इथे घड्याळ महत्त्वाचे असल्याने हे आधी. लैंगिक हल्ला झाला असेल तर अंघोळ करू नका. त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओलावा धरतो आणि पुरावा खराब होतो. दुसऱ्या रुग्णालयात जा. शक्यतो सरकारी, कारण तिथे अशा तपासणीचे ठरलेले किट आणि नमुना-अर्ज असतात. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, पण प्रत्येक तासाला पुरावा कमी होत जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाला पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करावे लागतात. आधी एफआयआर आणा, असे म्हणता येत नाही.

एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येतो. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी शून्य क्रमांकाने नोंदवून तो पुढे पाठवला जातो. लैंगिक गुन्ह्यांत स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. ठाण्यात नोंद करायला नकार मिळाला तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना टपालाने पाठवा. पुढची पायरी न्यायदंडाधिकारी. भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५, चोरून पाहण्यासाठी किंवा चित्रण करण्यासाठी ७७ आणि अश्लील शब्द किंवा हावभावांसाठी ७९ आहे. रुग्णालयातील कर्मचाऱ्याने तिथेच केलेल्या बलात्काराला कलम ६४ मध्ये किमान १० वर्षांची शिक्षा आहे. रुग्ण १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो आणि मग माहिती असलेल्या कुणालाही गप्प राहता येत नाही. कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

एक वाट जवळजवळ कुणी वापरत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात तक्रारदार स्त्री ‘नोकरीत असो वा नसो’ असे म्हटले आहे आणि रुग्णालये व शुश्रूषागृहे कामाच्या जागेच्या व्याख्येत नावानिशी आहेत. म्हणजे रुग्ण स्त्रीसुद्धा रुग्णालयाच्या अंतर्गत समितीकडे जाऊ शकते. मुदत ३ महिने. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते डॉक्टरच मालक असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे.

खोलीबाहेरचे गैरवर्तन

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळे तक्रारीत २००२ च्याच नियमांचा हवाला द्या. ७.४ हा रुग्णाशी अनुचित संबंधांबद्दलचा नियम आहे, आणि त्यात रुग्णाची संमती होती की नव्हती हा प्रश्नच ठेवलेला नाही. गैरवापर व्यावसायिक स्थानाचा होतो. रात्री-अपरात्री खासगी संदेश, बाहेर भेटण्याचा आग्रह, रुग्णाकडून हातउसने पैसे, एखादी पॉलिसी किंवा साखळी योजना गळ्यात मारणे, या सगळ्याची सुरुवात ‘घरच्यासारखे’ वागण्यातून होते. मानसोपचारात ही सीमा आणखी कडक धरायला हवी, कारण तिथे रुग्णाने आपले सगळे उघडे केलेले असते.

गोपनीयतेचा नियम ७.१४. रुग्णाची माहिती तीनच कारणांनी बाहेर देता येते: न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार. नवऱ्याने, सासूने किंवा साहेबांनी विचारले, हे चौथे कारण नाही. एचआयव्ही आणि मानसिक आजार यांच्यासाठी २०१७ चे दोन स्वतंत्र कायदे गोपनीयता आणखी घट्ट करतात. रिसेप्शनवर मोठ्याने रोगाचे नाव पुकारणे किंवा ऑपरेशनचा फोटो समाजमाध्यमावर टाकणे याची सवय इतकी पडली आहे की डॉक्टरांनाही त्यात गैर वाटत नाही. चेहरा झाकला तरी गोंदण, जखमेचा व्रण किंवा नावाची पट्टी यावरून ओळख पटत असेल, तर तो मुद्दा तक्रारीत घ्या आणि पोस्टचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह त्याच दिवशी काढा. तक्रारीची चाहूल लागली की पोस्ट गायब होते.

कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे-देणे, नियम ६.४ मध्ये स्पष्ट निषिद्ध आहे, पण सिद्ध करणे अवघड. त्यामुळे ‘यांना कमिशन मिळते’ असे नुसते लिहू नका. ठराविक लॅबचेच नाव छापलेली चिठ्ठी, त्यावरचा सांकेतिक क्रमांक, दुसरीकडचा चांगला रिपोर्ट कारण न सांगता नाकारल्याची नोंद एवढे हाती असेल तरच हा मुद्दा मांडा. संमतीबाबत २००८ च्या समीरा कोहली खटल्याचा निकाल लक्षात ठेवा: तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जिवाला धोका असल्याशिवाय भुलेखाली असताना ‘आता उघडलेच आहे तर’ म्हणून जास्तीचे काही करता येत नाही.

सुरू केलेला उपचार पुरेशी सूचना न देता सोडून देणे हाही भंग आहे, नियम २.४. नव्या रुग्णाला आपल्या अनुभवाबाहेरचा आजार म्हणून दुसरीकडे पाठवणे मात्र चालते.

आधी फाईल, मग राग

भांडण करायचेच असेल तर ते फाईल मिळाल्यावर करा. तक्रारीचा वास आला की केसपेपर ‘रेकॉर्ड रूममध्ये’ जातात आणि कधीकधी नव्याने लिहूनही येतात. नियम १.३.२ नुसार रुग्णाने मागितल्यावर त्याची पोच देऊन ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे. ओपीडीच्या कागदांना हा नियम लागू नाही, त्यामुळे ते आपल्याकडेच ठेवा.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरतो:

“मी दि. … ते … या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो/होते. माझे इनडोअर केसपेपर, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, ऑपरेशन व भुलेच्या नोंदी, संमतिपत्रे, सर्व रिपोर्ट व फिल्म आणि तपशीलवार बिल यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती २००२ च्या आचारसंहिता नियम १.३.२ नुसार ७२ तासांत मिळाव्यात.”

दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. फाईलला ‘नाही’ हे उत्तर मिळाले तर तो स्वतंत्र, सिद्ध करायला सर्वांत सोपा नियमभंग आहे. फाईल मिळाल्यावर पानांना क्रमांक घाला आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

घटनेची टिपणी त्याच रात्री लिहा. तारीख, वेळ, खोली, कोण हजर होते, कोणते शब्द वापरले गेले; जसेच्या तसे, सभ्य न करता. पुढे जबाब घेताना मूळ शब्दच विचारले जातात. स्वतःच्या संभाषणाचे रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाईल आणि तोच फोन जपून ठेवा, कापाकापी करू नका. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या रुग्णांचे चित्रण अजिबात नको, नाहीतर गोपनीयतेचा भंग तुमच्याच नावावर लागेल.

दवाखान्यात जाऊन आरडाओरडा, काच फोडणे, कॉलर धरणे यांनी खरी तक्रारही मरते. २०१० च्या राज्य कायद्यात डॉक्टर किंवा रुग्णालयावरील हिंसेला ३ वर्षांपर्यंत कैद आणि झालेल्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. मग तुमची केस मागे पडते आणि त्यांची पुढे जाते.

कुणाचा दरवाजा

आधी डॉक्टर कोणत्या परिषदेत नोंदलेले आहेत ते पाहा. प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. अ‍ॅलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, आयुर्वेद व युनानीसाठी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीन, होमिओपॅथीची वेगळी परिषद, दंतवैद्यांची वेगळी. पाटीवर फक्त ‘डॉ.’ पाहून चुकीच्या परिषदेकडे अर्ज जातो आणि महिने वाया जातात. नाव कोणत्याच नोंदवहीत नसेल तर प्रश्न गैरवर्तनाचा नाही, बोगस डॉक्टरचा आहे. ते पोलीस आणि स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्या.

परिषदेकडच्या अर्जात विशेषणे नकोत. एक परिच्छेद ओळखीचा: तुम्ही कोण, डॉक्टर कोण, नोंदणी क्रमांक, उपचाराच्या तारखा. मग घटनाक्रम, प्रत्येक तारखेला एक ओळ, आणि ओळीपुढे फाईलमधील पान क्रमांक. मग कोणत्या नियमाचा भंग झाला. शेवटी काय हवे. ‘न्याय मिळावा’ असे नको, ‘नियम ७.१४ च्या भंगाबद्दल शिस्तभंगाची कारवाई व्हावी’ असे हवे. मूळ कागद कधीच देऊ नका. निनावी अर्ज चालत नाही, कारण डॉक्टरला म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते आणि तुमचा अर्ज त्यांच्या हाती जातो. त्यामुळे घरचा पत्ता, मुलांच्या शाळा असला अनावश्यक तपशील त्यात घालू नका. परिषद ताकीद देऊ शकते, ठराविक काळासाठी किंवा कायमचे नाव काढू शकते, आणि चौकशी चालू असताना संबंधित उपचारपद्धती थांबवायलाही सांगू शकते.

वागणूक, दरपत्रक, सनद न लावणे यासाठी आधी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लेखी द्या. मग शुश्रूषागृहाची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला: महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. यांच्याकडे तक्रार कक्ष असणे २०२१ च्या नियमांप्रमाणे आवश्यक आहे. सरकारी रुग्णालयात अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षक. खरे तर नुसत्या उद्धटपणासाठी एवढेच पुरते. माफी आणि पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर, इतकेच बहुतेकांना हवे असते आणि ते इथे लवकर मिळते.

पैशांची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षे. राहत्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा देणारे रुग्णालय यात येत नाही. उपचारातील निष्काळजीपणाच्या दाव्यात त्याच शाखेच्या दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत जोडा. त्याशिवाय दावा बहुधा टिकत नाही. निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा त्याहून अवघड आहे, कारण जेकब मॅथ्यू खटल्याच्या २००५ च्या निकालाने त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत आवश्यक केले. परिषद, ग्राहक आयोग आणि पोलीस या तीन वाटा एकमेकींना अडवत नाहीत. एकीकडे अर्ज केला म्हणून दुसरीची मुदत थांबतही नाही, आणि इथेच अनेकांची २ वर्षे संपतात.

तडजोडीचे बोलणे आले तर कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. बिल माफ करण्याच्या बदल्यात ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असा कागद पुढे येतो. सही करायचीच असेल तर आधी घरी नेऊन वकिलाला दाखवा.

दरम्यान उपचार थांबवू नका. मिरगी, रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार यांची औषधे रागाच्या भरात बंद केली की त्रास तुमचाच वाढतो. डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा आणि पहिल्या डॉक्टरबद्दलची तक्रार त्यांना सांगत बसू नका. त्यांच्याकडून तुम्हाला आजाराबद्दलचे मत हवे आहे.

अर्ज दिल्यावर कॅलेंडरवर सहा महिन्यांची खूण करा. परिषदेने तेवढ्या मुदतीत निर्णय द्यायचा असतो, प्रत्यक्षात तो पुष्कळदा लांबतो. तिसऱ्या महिन्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. विचारा तीनच गोष्टी: अर्जाचा आवक क्रमांक, डॉक्टरना नोटीस पाठवल्याची तारीख आणि सुनावणीची तारीख. कारणे किंवा मते विचारू नका, ती माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून अर्ज फेटाळला जातो. उत्तर आले नाही तर त्याच परिषदेच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करा.